गाडीमागचं वासरू

आमच्या घरात हिवाळ्यातलं संध्याकाळचं जेवण कधी वेळेवर झालं नाही, आणि त्याला कारण माझे काका. आई चुलीवर कळण्याच्या भाकरी थापायला घेई, खलबत्त्यात कुटलेल्या हिरव्या मिरचीचा ठसका ओसरीपर्यंत येई, आणि नेमके तेव्हाच काका गच्चीचा जिना चढू लागत. खाली ताट वाढलेलं, वर दुर्बीण मांडलेली. आई दोनदा हाक मारी, तिसऱ्यांदा मला पाठवी. मी वर जाई ती खाली येतच नसे. मग आई माझ्याही नावाने बोलू लागे. कळसाडीत तेव्हा वीज संध्याकाळी हमखास जायची. गावाला त्याचा वैताग आणि काकांना आनंद. दिवे गेले की शिवारात फक्त कापसाच्या झाडांचा करडेपणा आणि वर आकाश एवढंच उरे.

काका म्हणजे सुधाकर, माझ्या वडिलांचे, अप्पांचे, धाकटे भाऊ. शहाद्याच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळेत सहायक होते. लग्न केलं नाही. शेतीत त्यांचं लक्ष नव्हतं, पण पाण्याची पाळी त्यांच्यावर आली तर चुकवत नसत. दुर्बिणीची नळी त्यांनी स्वतः केली होती आणि खालचा लोखंडी सांगाडा शहाद्याच्या इकबालचाचांनी वेल्डिंग करून दिला होता. चाचा मूळचे कारागीर. सांगाडा करता करता त्यांनाही तो नाद लागला आणि पुढे त्यांनी स्वतःसाठी एक दुर्बीण उभी केली. काकांच्या या उद्योगाला घरात कुणी नाव दिलं नव्हतं. मोठमाय, म्हणजे माझी आजी, त्याला ‘सुध्याना धोंडा’, सुध्याचा धोंडा, म्हणायची.

धोंडा म्हणजे लघुग्रह. मंगळ आणि गुरू यांच्या मधे असे लाखो दगड फिरतात. आमच्या दुर्बिणीतून त्यातला एखादा दिसला तरी ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही. पुष्कळदा तेवढाही दिसत नाही. त्याचा आकार कसा मोजायचा, हे काकांनी मला गच्चीवर बसून सांगितलं होतं. लांब शहाद्याच्या रस्त्यापलीकडे एका विहिरीवर दिवा जळत होता. ते म्हणाले, समज, अंधारात त्या दिव्यासमोरून बैलगाडी गेली. गाडी तुला दिसणार नाही, पण दिवा क्षणभर जाईल आणि परत येईल. किती वेळ गेला ते मोजलंस, गाडीचा वेग माहीत असला, तर गाडीची लांबी कळली. आणि शेतात वेगवेगळ्या बांधांवर चारपाच माणसं उभी राहिली, प्रत्येकाने आपापली वेळ मोजली, तर गाडीचा पूर्ण आकार कागदावर काढता येतो. ज्याच्या बांधावरून दिवा गेलाच नाही, त्याचीही नोंद लागते. गाडी तिथपर्यंत नव्हती, हे त्याच्यामुळे कळतं. मी विचारलं, आणि गाडीमागे वासरू बांधलेलं असलं तर? काका इतके खूश झाले की खालून आईची तिसरी हाक त्यांना ऐकूच आली नाही. “मंग दिवा परत एकदाव जाई,” ते म्हणाले. “थोडासा. देखनारा जागा पाहिजे.”

तसं वासरू त्यांना खरंच दिसलं होतं. मी अकरावीत होते तेव्हा एका लघुग्रहाने तारा झाकला, काही सेकंदांनी सोडला, आणि त्यानंतर थोड्या वेळाने तो तारा पुन्हा एकदा, पापणी लवावी इतका वेळ, गेला. दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्यात ते उतरलं होतं. काकांनी ते चित्रण पुण्याच्या एका सरांना पाठवलं. हे सर देशभरातल्या अशा हौशी निरीक्षकांच्या नोंदी गोळा करत. त्यांचं उत्तर सभ्य होतं. दगडाला चंद्र असू शकतो, पण एकाच ठिकाणची नोंद आहे, त्या रात्री बाकीचे सगळे ढगांत अडकले, तेव्हा मधे पाखरू आलं की हवा हलली हे सांगता येत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणालाही तेच दिसलं तर तुमचं नाव पहिलं लागेल. काकांनी हे जेवताना सांगितलं. आई वाढता वाढता म्हणाली, “धोंडाले बी चांद मिळी गया, आनि आमना सुधाभाऊले बायको मिळनी नही.”

“त्या धोंडाना चांद भाकर थंडी व्हयनी म्हनीसन बोंबलत नही, वहिनी,” काका म्हणाले. मोठमाय इतकी हसली की तिला ठसका लागला.

पुढची वेळ येता येत नव्हती. दगडाची सावली पृथ्वीवर एका अरुंद पट्ट्यातून धावते, आणि तो पट्टा आपल्या गावावरून जायला नशीब लागतं. एकदा तो समुद्रावरून गेला. एकदा आमच्या जिल्ह्यावरून गेला तर आभाळ भरून आलं. एकदा आकाश स्वच्छ होतं आणि शेजारच्या शेतात उसाचं पाचट पेटवलं. धुराची भिंत मावळतीला उभी राहिली ती तारा मावळेपर्यंत हटली नाही. काका त्या शेतकऱ्याशी भांडायला गेले आणि चहा पिऊन परत आले. मला त्या वर्षांत सगळ्याचाच राग यायचा. ढगांचा, धुराचा, लग्नातल्या दिव्यांचा, आणि काकांना राग येत नाही याचाही.

मग एका हिवाळ्यात पुण्याहून निरोप आला की तोच दगड, संध्याकाळी, दिवेलागणीनंतर लगेच, एक ठळकसा तारा झाकणार आहे आणि पट्टा सातपुड्यापासून तापीपर्यंत पडणार आहे. काकांनी तीन जागा ठरवल्या. धडगावला डोंगरावर त्यांचे एक शिक्षक मित्र, कळसाडीला आम्ही, आणि तापीकाठी सारंगखेड्याला इकबालचाचा. त्यांनी मला तारा शोधायचा रस्ता पाठ करून घेतला. कॅमेरा त्यांच्या जाकिटाच्या आतल्या खिशात एका पायमोज्यात गुंडाळलेला असे. तो लहानसा होता, थंडीने त्याच्या काचेवर दव धरे, म्हणून अंगाच्या उबेत ठेवायचा. जाकीट खाकी, कोपरांवर विटलेलं. दिवाळीपासून होळीपर्यंत ते त्यांच्या अंगावरून उतरत नसे.

त्या संध्याकाळच्या आठवडाभर आधी काकांना ताप आला. शहाद्याला नेलं, तिथून नंदुरबारला नेलं, आणि नंदुरबारहून गाडी परत आली तेव्हा पुढे अप्पा बसले होते आणि मागे काका निजवलेले होते.

आमच्याकडे माणूस गेला की लोक दारावर येतात. सांत्वनाला येणं असं पुस्तकात लिहितात, पण ते शब्द पुरत नाहीत. बायकांची गाडी गावाच्या वेशीशी थांबते, तिथून त्या चालत येतात, गल्लीच्या तोंडाशी एकीने रडण्याचा हेल काढला की बाकीच्या धरतात, आणि घरातल्या बायकांनी पुढे जाऊन त्यांच्या गळ्यात पडायचं असतं. मग सगळ्या बसतात, पाणी होतं, चौकश्या होतात, कुणाच्या मुलीचं कुठं जमलं हेही होतं, आणि दुसरी गाडी आली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवसापर्यंत हे चालतं. घरात फोडणी नाही. शेजारून, भावकीतून जेवण येतं. खिचडी, बिनफोडणीचं वरण. जिथे काकांना ठेवलं होतं तिथे दिवा, आणि दिव्याजवळ परातीत चाळलेलं पीठ. सकाळी त्या पिठावर कशाची खूण उमटते ते बघायचं. जीव कोणत्या रूपात गेला ते त्यावरून कळतं म्हणे. घर चालवत होती फुई, अप्पांची आणि काकांची मोठी बहीण. ती पहिल्याच दिवशी आली आणि सगळ्या गोष्टी तिने हातात घेतल्या. पीठ तिनेच बघितलं. “देखा, चिडाना पाय,” ती म्हणाली. “उडी गया मन्हा भाऊ.” सगळ्या वाकल्या. सगळ्यांना चिमणीचा पाय दिसला. आई रडू लागली. मी बराच वेळ बघितलं. मला पीठ दिसलं.

कुणी माझ्या गळ्यात पडलं नाही. पुतणीचं दुःख त्या मांडणीत कुठे बसत नव्हतं. काकांची आई होती, बहीण होती, भाऊ होता, भावजय होती. मी पाण्याचे तांबे भरत होते. मला रडूही येत नव्हतं, आणि ते फुईच्या नजरेतून सुटलं नाही. ती येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगे, “पोरनी डोयामा टिपूस नही. इतला जीव लाये तो हिले.” मी शेजारीच उभी असे. मला ओरडून सांगावंसं वाटे की मला वेळ नाही. चार दिवसांवर ती संध्याकाळ आली होती, मग तीन, आणि घरात काकांच्या या एका गोष्टीबद्दल बोलायला एकही माणूस मोकळा नव्हता. आता हे लिहिताना त्या मुलीची दया येते. तेव्हा तिच्या डोक्यात एवढंच होतं की काकांचं वासरू दुसऱ्या कुणाला तरी दिसलं पाहिजे, आणि ती दुसरी व्हायला ती तयार होती.

तारा झाकला जाणार होता त्या दिवशी दुपार कलल्यावर मी दुर्बीण पुसली आणि जाकीट शोधायला गेले. खुंटीवर नव्हतं. पेटीत नव्हतं. फुई ओसरीत गहू निवडत बसली होती.

“फुई, काकानं जाकीट कोठे शे?”

“तापीवर, प्रकाशा गावले गयं ना. तिसराना दिन सगळा कपडा नदीवर दिधात.”

“खिसामा कॅमेरा व्हता. मोजामा गुंडाळेल.”

“मोजा देखा मी,” फुई म्हणाली. “खिसामाच ऱ्हाऊ दिधा. त्याना पाय थंडा पडेत.” मग तिच्या लक्षात माझा चेहरा आला. “मानूस गया, आनि तुले कॅमेरा सुचस?”

ती पुन्हा गव्हाकडे वळली, आणि मान खाली घालूनच म्हणाली, “सगळास्ना वर ठेवं मी ते जाकीट. त्याले थंडी वाजाले नको म्हनीसन.” मला तिच्यावर चिडायचं होतं. तेवढीही सोय तिने ठेवली नाही.

गेलेल्याचे कपडे तापीवर सोडतात, आणि काठावर ठेवलेले ज्याला लागतील तो नेतो. परत मागायला कुणी जात नाही. मी इकबालचाचांना फोन लावला. ते सारंगखेड्याला दुर्बीण मांडून बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, “बेटी, मैं अभी निकलता हूँ. मेरा कैमरा लगा ले तू.”

“मग सारंगखेड्याचं काय?”

“वो तो रह जाएगा.” मग म्हणाले, “सुधाकर होता तो क्या बोलता?”

आम्हां दोघांनाही ते माहीत होतं. एकही जागा सोडायची नव्हती. “तुम्ही तिथंच थांबा, चाचा. मी डोळ्यानं बघते.”

कॅमेरे यायच्या आधी लोक असंच करायचे. एका मोबाइलवर अचूक वेळेची टिकटिक चालू ठेवायची, दुसऱ्यावर आवाज भरायचा, आणि डोळा भिंगाला लावून तारा गेला की ‘गया’ म्हणायचं, आला की ‘उना’. तोंडात पटकन येईल तोच शब्द वापरायचा, हे काकांनीच शिकवलेलं.

अंधार पडला तशी मी वर गेले, आणि गच्चीच्या कठड्यावर अप्पांनी लावलेला मोठा दिवा पेटला. रस्त्यावरून येणाऱ्यांना घर सापडावं म्हणून. तारे होते की नव्हते तेही कळेना. मी धावत खाली आले. अप्पा पुरुषांच्या बैठकीत पांढऱ्या टोपीत बसले होते, मी त्यांना बाजूला घेतलं. अर्धा तास बंद ठेवा म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सुतकना घरले अंधार करतस नही, पोरी. लोके दारवर येई ऱ्हायनात.” वीज रोज जायची, त्या दिवशी गेली नाही.

शेवटी मोठमायच्या खोलीतून तिची गोधडी उचलली, डोक्यावरून आणि भिंगावरून ओढून घेतली, आणि तिच्याखाली अंधार केला. गोधडीला मोठमायच्या तपकिरीचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. पाठ करून घेतलेल्या रस्त्याने एकेक ताऱ्यावरून जात मी आमचा तारा शोधला. तो मिळाला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की काका इथे हवे होते. टिकटिक चालू होती. माझा श्वास भिंगावर बसू नये म्हणून मी तोंड एका बाजूला ठेवलं.

आणि तारा गेला. इतक्या साधेपणाने की मी दचकले. ‘गया’ म्हटलं. अंधारात नुसती टिकटिक. मग तो होता तसाच, होता तिथेच, परत आला. ‘उना.’ मी त्या वेळी हसले असेन. आता खरी गोष्ट पुढे होती. गाडी गेली होती, वासरू यायचं होतं, आणि पापणी लवू द्यायची नव्हती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बायकांनी हेल धरला. फुईच्या सासरची गाडी आली होती. आवाज जवळ येत गेला, त्यात आईचा मिसळला, मग फुईचा. काकांचं नाव घेऊन घेऊन, लहानपणापासूनचं एकेक आठवत, त्या ओढून रडत होत्या. आणि मधेच फुईची हाक, “वैशू, खाले ये वं, पाव्हना उनात.” मी हलले नाही. तारा हलला. कडेने पसरला, पातळ झाला, गेला. ‘गया,’ मी म्हटलं. आणि लगेच आला. ‘उना.’ की आला होता आणि मी उशिरा म्हटलं? गोधडीची वाफ भिंगावर बसली होती का? मी भिंग पुसलं, पुन्हा डोळा लावला. तारा शांत होता, जसा काही तो कुठे गेलाच नव्हता.

तासाभराने इकबालचाचांचा फोन आला. त्यांच्याकडे तारा एकदाच गेला होता, दुसऱ्यांदा नाही. धडगावला डोंगरावर धुकं उतरलं आणि त्या शिक्षकांना काहीच मिळालं नाही. सकाळी पुण्याच्या सरांचा फोन आला. काकांबद्दल ते थोडं बोलले, मग अडखळत म्हणाले, “सारंगखेड्याला दुसरी वेळ नाही, ते चालेल. चंद्र लहान असला तर त्याची सावली तिथून जाणारच नाही. पण कळसाडीला तुला दिसलं असेल तर दोन नोंदी होतात. तुझ्या काकांची आणि तुझी. फक्त एक सांग. तारा गेला, की डोळा?”

मी म्हटलं, “दुपारी कळवते.”

ती दुपार मला अजून जड जाते. एका शब्दावर सगळं होतं. काकांचं नाव कुठल्याशा यादीत लागलं असतं, आणि ते कुणी खोटं ठरवू शकलं नसतं, कारण मलाच माहीत नव्हतं ते खोटं आहे की खरं. आवाज मी पुन्हा पुन्हा ऐकला. ‘गया’, ‘उना’ या शब्दांच्या वेळा स्पष्ट होत्या. पण शब्द माझा होता, आणि मी काय बघितलं हे तो मला सांगेना. इतकं जवळ येऊन हातात काही नाही, याचा संताप मी कुणावर काढावा? शेवटी मोबाइल घेऊन मोठमायच्या खोलीत जाऊन बसले. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, दारावर येणाऱ्यांनाही ती आवाजावरून ओळखायची. गेले काही दिवस ती फारशी बोलली नव्हती.

“वासरू उनं का मंग?” तिने विचारलं. तिला ते लक्षात होतं, याचंच मला नवल वाटलं.

“मले नही समजनं, मोठमाय.”

“उनं म्हनी दे ना. कोन देखाले बठेल शे?”

मी मोबाइल तिच्या कानाशी धरला आणि भरलेला आवाज लावला. टिकटिक. ‘गया.’ टिकटिक. ‘उना.’ मग लांबून बायकांचा हेल, जवळ येत गेलेला, फुईची हाक. मोठमाय मान वाकडी करून ऐकत होती. तिचा हात माझ्या मनगटावर होता. दुसरा ‘गया’ यायच्या जरा आधी तिने मनगट दाबलं.

“आठे तू रडी ऱ्हायनी,” ती म्हणाली.

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. टिकटिकीच्या मधे एक श्वास होता, तुटलेला, आणि त्यानंतर नाक ओढल्याचा लहानसा आवाज. इतक्या वेळा ऐकून मी तो ऐकला नव्हता. मी शब्दांच्या वेळा मोजत होते.

मी तिथेच बसून सरांना लिहिलं की दुसरी नोंद धरू नका. त्यांचं ‘बरं’ एवढंच आलं. त्या दगडाला चंद्र आहे की नाही, हे आजही कुणाला ठाऊक नाही. काकांची ती एकट्याची नोंद तशीच आहे. मोठमाय गेली, गेल्या वर्षी आई गेली, आणि दारावर येणाऱ्यांत माझ्या गळ्यात पडणाऱ्या बायका आता पुष्कळ असतात.

त्या दुपारी मोबाइल बंद करून मी उठायला लागले तर मोठमायने मनगट सोडलं नाही. बाहेर पुन्हा कुणाची तरी गाडी थांबल्याचा आवाज झाला.

“थांब,” ती म्हणाली. “परत लाव ते.”

मी लावलं.